75,000 डॉलरची रेषा : एका मतभेदाचा प्रकरण अभ्यास

उत्पन्न वाढले की माणसाचा आनंदही वाढतो का, या प्रश्नाला 2010 मध्ये एक उत्तर मिळाले, 2021 मध्ये त्याच्या विरुद्ध उत्तर मिळाले, आणि 2023 मध्ये ही दोन उत्तरे देणाऱ्या संशोधकांनी एकत्र येऊन तिसरा निबंध लिहिला. तिन्ही निबंध अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या एकाच नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पहिल्याचे लेखक मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन, दुसऱ्याचे मॅथ्यू किलिंग्सवर्थ, तर तिसऱ्यावर किलिंग्सवर्थ, कानेमन आणि बार्बरा मेलर्स अशी तीन नावे आहेत. पैसा आणि आनंद यांचे नाते हा विषय स्वतंत्रपणे मोठा असला, तरी येथे तो दुय्यम आहे. मतभेद उघड झाल्यावर दोन्ही बाजूंनी काय केले, चुकीची जबाबदारी कशा शब्दांत घेतली, आणि ती नीट घेता येण्यासाठी विरोधकाचीच मदत का लागली, हे या प्रकरणात फार जवळून पाहता येते. म्हणून ते तपशिलात मांडण्याजोगे आहे.

दोन उत्तरे

कानेमन आणि डीटन यांच्या हाती अमेरिकेतल्या गॅलप-हेल्थवेज या जनमत सर्वेक्षणातली 2008 आणि 2009 या वर्षांची साडेचार लाखांहून अधिक उत्तरे होती. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. एक, माणूस स्वतःच्या आयुष्याचे मूल्यमापन कसे करतो. त्यासाठी शून्य ते दहा पायऱ्यांच्या शिडीवर आपण कोठे उभे आहोत हे विचारले जाई. दुसरी, रोजचा दिवस भावनेच्या दृष्टीने कसा जातो. त्यासाठी आदल्या दिवशीचा बराच वेळ आनंदात गेला का, काल पुष्कळ हसलात का, काळजी वाटली का, खिन्नता होती का, असे प्रश्न विचारले जात आणि त्यांचे उत्तर केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ असे द्यायचे असे. पहिल्या बाबतीत उत्पन्नाबरोबर चढती रेषा कोठेही थांबत नव्हती. दुसऱ्या बाबतीत मात्र कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 75,000 डॉलरच्या आसपास पोहोचले की रेषा सपाट होत होती. उत्पन्न त्याहून वाढले तरी रोजच्या आनंदात भर पडत नाही, असा निष्कर्ष निघाला.

हा निष्कर्ष जगभर पसरला, आणि पसरताना त्यातला पहिला अर्धा भाग गळून पडला. शिडीवरचे उत्तर वाढतच राहते हे कोणी सांगेना. ‘75,000 डॉलरनंतर पैशाने सुख मिळत नाही’ एवढेच वाक्य वर्तमानपत्रांतून आणि भाषणांतून फिरत राहिले. 2015 मध्ये अमेरिकेतल्या एका कंपनीच्या प्रमुखाने सर्व कर्मचाऱ्यांचा किमान वार्षिक पगार 70,000 डॉलर करण्याचे जाहीर केले, तेव्हाही त्या निर्णयामागे याच संशोधनाचा प्रभाव असल्याचे सांगितले होते. ज्या आकड्यावर लोक असे प्रत्यक्ष निर्णय घेतात, त्या आकड्याची जबाबदारी निबंध छापून झाल्यावर संपत नाही, एवढे तरी यातून लक्षात यावे.

किलिंग्सवर्थ यांनी वेगळा मार्ग घेतला. त्यांनी तयार केलेल्या अ‍ॅपद्वारे सहभागी व्यक्तीच्या फोनवर दिवसभरात अवचित क्षणी विचारणा होई : या क्षणी तुम्हाला कसे वाटते आहे? उत्तर ‘अतिशय वाईट’पासून ‘अतिशय चांगले’पर्यंतच्या अखंड पट्टीवर कोठेही देता येत असे. अमेरिकेतल्या 33,391 नोकरदार प्रौढांकडून अशा 17 लाखांहून अधिक नोंदी जमल्या. त्यांत 75,000 डॉलरच्या आसपास रेषेला कोठेही वळण दिसले नाही. उत्पन्न ज्या पटीत वाढे, त्या पटीच्या हिशोबाने सरासरी आनंदही एकसारखा वाढत होता; म्हणजे उत्पन्न दर वेळी दुप्पट झाले, की आनंदात साधारण तेवढीच भर पडे. सपाटीचा मागमूस नव्हता. निबंधाच्या शीर्षकातच 75,000 डॉलरचा उल्लेख होता, त्यामुळे हे खंडन कोणाचे आहे याविषयी वाचकाला शंका राहिली नाही.

एका बाजूला अर्थशास्त्राचे 2002 चे नोबेल पारितोषिक मिळालेले कानेमन आणि 2015 चे मिळालेले डीटन. दुसऱ्या बाजूला त्यांच्यापेक्षा कितीतरी तरुण, एकटाच लेखक. दोन्हीकडे भक्कम आकडेवारी. असा मतभेद सहसा ज्या वाटेने जातो ती वाट ठरलेली असते : टीका, प्रत्युत्तर, प्रत्युत्तराला उत्तर, आणि शेवटी आपापल्या गोटात आपापला विजय.

जुना अनुभव

त्या वाटेने कानेमन आधी गेलेले होते. माणसाच्या निर्णयातल्या चुकांविषयी मानसशास्त्रज्ञ गर्ड गिगरेन्झर यांच्याशी झालेला त्यांचा वाद 1996 मध्ये छापील लेखांतून जाहीरपणे रंगला होता. अशा वादांत प्रत्येक बाजू दुसऱ्याचे म्हणणे सर्वांत दुबळ्या रूपात मांडते, आपल्याकडची एकही त्रुटी मान्य करत नाही, आणि वाचणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही, ही त्यांची तक्रार होती. त्यांनी त्याला पर्याय म्हणून विरोधकांनी मिळून संशोधन करण्याची कल्पना पुढे रेटली. ज्यांचे पटत नाही त्यांनी आधी एकत्र बसून ठरवायचे, की कोणता निकाल आला तर कोणाचे म्हणणे कमकुवत होईल. मग तो प्रयोग दोघांनी मिळून करायचा, आणि दोघांनाही मान्य असलेली तिसरी व्यक्ती मध्यस्थ म्हणून नेमायची.

2001 मध्ये वेगळे मत असलेले मानसशास्त्रज्ञ राल्फ हर्टविग यांच्याबरोबर त्यांनी असे काम केले, आणि तेथे मध्यस्थ बार्बरा मेलर्स याच होत्या. निकालांच्या अर्थाविषयी त्या दोघांचे पूर्ण एकमत झाले नाही, पण कोठे जुळते आणि कोठे जुळत नाही हे त्यांनी एकाच निबंधात मांडले. 2009 मध्ये गॅरी क्लाइन यांच्याबरोबरचा निबंध आला. अनुभवी अग्निशमन अधिकाऱ्यांचा अंतःप्रेरणेवरचा भरवसा अभ्यासणारे क्लाइन आणि अंतःप्रेरणेकडे संशयाने पाहणारे कानेमन यांना कित्येक वर्षांच्या चर्चेनंतर असे आढळले, की दोघेही मनात वेगवेगळ्या क्षेत्रांतले तज्ज्ञ धरून बोलत होते. परिस्थितीत नियमितपणा असेल आणि चूक-बरोबर लगेच कळत असेल, तर अनुभवी माणसाच्या अंदाजावर विसंबता येते. तसे नसेल, तर त्याच्या आत्मविश्वासाला फारसा अर्थ नाही. एवढ्यावर दोघे एकत्र आले.

म्हणजे किलिंग्सवर्थ यांचा निबंध आला तेव्हा कानेमन यांच्यापाशी या कामाची सवय होती, आणि एक ओळखीची मध्यस्थही होती. ही गोष्ट दुर्लक्षू नये. मतभेद पेटल्यावर त्याच्या हाताळणीची रीत शोधू लागणे आणि आधीपासून ती रीत अंगवळणी असणे, यांत फार अंतर आहे.

प्रश्नपत्रिका सोपी होती

एकत्र बसल्यावर आधी विचार झाला तो दोन्ही निरीक्षणे एकाच वेळी खरी असू शकतात का, याचा. वाद घालणाऱ्या दोन पक्षांना हा प्रश्न सहसा सुचत नाही, कारण एकाचे खरे ठरले म्हणजे दुसऱ्याचे खोटे असणारच, असे दोघेही गृहीत धरून चालतात. येथे तो विचारला गेला आणि लक्ष 2010 च्या प्रश्नांकडे वळले.

काल बराच वेळ आनंदात गेला का? ज्याचा दिवस बऱ्यापैकी गेला तो ‘होय’ म्हणतो. ज्याचा दिवस अत्यंत सुखात गेला तोही ‘होय’ म्हणतो. काल पुष्कळ हसलात का, या प्रश्नालाही दोघांचे उत्तर तेच. बहुतेक लोकांचे उत्तर ‘होय’ असल्यामुळे या मोजमापाने बऱ्यापैकी आनंदी आणि अतिशय आनंदी यांच्यात भेद करताच येत नव्हता. भेद दिसत होता तो फक्त आनंदी असणारे आणि आनंदी नसणारे यांच्यात. इतकी सोपी प्रश्नपत्रिका काढली, की वर्गातल्या बहुतेकांना पैकीच्या पैकी गुण पडतात, तर तिच्यावरून हुशार कोण हे कळत नाही. अभ्यासात मागे कोण आहे एवढेच कळते. कानेमन आणि डीटन यांनी ज्याला आनंद म्हटले होते, ते त्यांच्या मोजमापात प्रत्यक्षात दुःखाचे प्रमाण होते. सर्वेक्षण खरे होते, बेरीज खरी होती, आलेखाची रेषाही खरी होती. उभ्या अक्षावर लिहिलेले नाव चुकले होते.

यातून एक तपासण्याजोगे भाकीत तयार झाले. 2010 ची सपाटी खरोखर दुःखी लोकांविषयीची असेल, तर किलिंग्सवर्थ यांच्या नोंदींत सर्वांत कमी आनंदी असलेले लोक वेगळे काढल्यावर तीच सपाटी तेथेही दिसायला हवी; उरलेल्या बहुसंख्य लोकांत मात्र रेषा चढतीच राहायला हवी. याचा अर्थ, कानेमन यांचे म्हणणे अंशतः वाचणार की नाही हे किलिंग्सवर्थ यांच्याच माहितीवर ठरणार होते. 2021 च्या निबंधानंतर लोकांच्या लेखी किलिंग्सवर्थ जिंकलेले होते. तेथेच थांबण्यात त्यांचे काही नुकसान नव्हते. तरीही स्वतःचा दावा सौम्य करू शकेल अशा तपासणीला त्यांनी स्वतःच्याच नोंदी लावल्या. या प्रकरणात कानेमन यांच्या मोठेपणाविषयी पुष्कळ बोलले जाते आणि ते योग्यच आहे. पण मला किलिंग्सवर्थ यांचे हे पाऊल तितकेच महत्त्वाचे वाटते, कारण हरलेल्याने पुन्हा मोजणी मागणे स्वाभाविक असते, जिंकलेल्याने ती करणे तसे नसते.

भाकीत खरे ठरले. सर्वांत कमी आनंदी अशा सुमारे 15 ते 20 टक्के लोकांत उत्पन्न 1,00,000 डॉलरपर्यंत वाढत गेले तसे दुःख कमी होत गेले आणि त्यापुढे रेषा सपाट झाली. मधल्या लोकांत आनंद उत्पन्नाच्या पटीबरोबर एकसारखा वाढत राहिला. आणि सर्वांत आनंदी अशा सुमारे 30 टक्के लोकांत 1,00,000 डॉलरच्या पुढे वाढीचा वेग उलट वाढला. सपाटीमागचे कारण म्हणून निबंधाने अशा दुःखांकडे बोट दाखवले आहे, ज्यांच्यावर त्या मर्यादेपलीकडचा पैसा उपाय करू शकत नाही : प्रेमभंग, जवळच्या माणसाचा मृत्यू, नैराश्याचा आजार.

किलिंग्सवर्थ यांना हे आधी का दिसले नव्हते, याचे उत्तरही येथेच मिळाले. खालच्या टोकाची सपाटी आणि वरच्या टोकाचा वाढता वेग एकमेकांची भरपाई करत होते, त्यामुळे सर्वांची मिळून सरासरी काढली की सरळ रेषा मिळत होती. उत्पन्नाचा परिणाम सर्वांवर साधारण सारखाच होत असेल हे गृहीत धरल्यावर सरासरीच्या आत डोकावण्याचे कारण उरत नाही.

जबाबदारी कशी घेतली

चूक मान्य करण्याचे अनेक प्रकार रूढ आहेत, आणि त्यांतले बरेचसे निरुपयोगी असतात. ‘काही त्रुटी राहून गेल्या’ या वाक्याला कर्ताच नसतो. ‘कोणाला तसे वाटले असल्यास खेद आहे’ या वाक्यात चूक ऐकणाऱ्याच्या वाटण्यात ढकललेली असते. ‘माझे सगळेच चुकले’ हे ऐकायला नम्र असले, तरी सगळेच चुकले म्हटल्यावर नेमके काय दुरुस्त करायचे हे कळत नाही, आणि समोरच्यावर सांत्वन करण्याची पाळी येते.

2023 च्या निबंधातली कबुली या कोणत्याच प्रकारची नाही. निबंधाच्या सारांशातच म्हटले आहे, की कानेमन आणि डीटन यांनी सपाटीचे चित्र वाजवीपेक्षा ठळक रंगवले. त्यांनी आपला निकाल आनंदाऐवजी दुःखाच्या परिभाषेत मांडला असता, तर ते योग्य निष्कर्षापर्यंत पोहोचू शकले असते. त्यांच्या मोजमापाला वरच्या बाजूला मर्यादा असल्याने आनंदाच्या पायऱ्या त्यात वेगळ्या दिसत नव्हत्या. पाठोपाठ असेही म्हटले आहे, की उत्पन्न वाढते तसा लोकांमधल्या आनंदाच्या विभागणीचा आकारच बदलतो, ही शक्यता दोन्ही अभ्यासांच्या लेखकांना सुचली नव्हती. काय चुकले, त्याचा परिणाम काय झाला, का चुकले आणि त्याच माहितीवर बरोबर कसे करता आले असते, या चारही गोष्टी त्यात आहेत. हे लिहिणाऱ्यांत स्वतः कानेमन आहेत. निबंध आला त्याच महिन्यात त्यांना 89 वर्षे पूर्ण झाली होती.

पुढे निबंध असेही म्हणतो, की मोजलेल्या गोष्टीला चुकीचे नाव देणे आणि सर्व माणसे एकसारखी आहेत असे धरणे हे सामाजिक शास्त्रांतल्या रूढ पद्धतींचे फलित आहे, आणि त्या पद्धतींवर अधिक वेळा प्रश्न उभे राहिले पाहिजेत. हेच वाक्य एकटे आले असते, तर ती पळवाट ठरली असती. ‘सगळेच असे करतात’ हा जबाबदारी टाळण्याचा सर्वांत जुना मार्ग आहे. येथे ते स्वतःची विशिष्ट चूक सांगून झाल्यानंतर येते, म्हणून त्याचा अर्थ बदलतो. क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी स्वतःचे, मग पद्धतीचे, या क्रमाने बोलणारा माणूस पद्धत सुधारू पाहत असतो. उलट्या क्रमाने बोलणारा स्वतःला वाचवत असतो.

तुलनेसाठी कानेमन यांचीच आणखी एक कबुली पाहण्यासारखी आहे. 2011 च्या पुस्तकात त्यांनी सूचक शब्दांच्या नकळत परिणामांविषयीचे काही प्रयोग मोठ्या खात्रीने मांडले होते. त्या प्रयोगांवर शंका वाढत गेल्यावर 2017 मध्ये त्यांनी जाहीरपणे लिहिले, की फार लहान नमुन्यांवर आधारलेल्या अभ्यासांवर आपण वाजवीपेक्षा अधिक विश्वास टाकला. आपले सहकारी मानसशास्त्रज्ञ अमोस ट्वर्स्की यांच्याबरोबर 1971 मध्ये, लहान नमुन्यांवर संशोधक नको इतका भरवसा ठेवतात, हे सांगणारा निबंध त्यांनीच लिहिला होता. एखादी चूक दुसऱ्यांत ओळखता येणे आणि ती स्वतःकडून न घडणे, या वेगळ्या क्षमता आहेत, हे यावरून स्पष्ट होते. एवढा अभ्यासलेला माणूसही स्वतःच्या लिखाणातली ती चूक बाहेरून कोणी दाखवेपर्यंत पाहू शकला नाही. 2010 च्या चुकीबाबतही तेच झाले. आपण मोजले त्याला चुकीचे नाव दिले, हे कळायला दुसऱ्या मोजपट्टीने मोजणारा माणूस यावा लागला. प्रामाणिकपणा असेल तर आत्मपरीक्षण पुरेसे होते, हा समज त्यामुळे मला पटत नाही.

ज्या गोष्टी येथे अनुकूल होत्या

या प्रकरणावरून घाईने नियम काढू नयेत, कारण त्यात बऱ्याच गोष्टी आधीच जुळलेल्या होत्या. दोन्ही बाजूंकडे खरीखुरी माहिती होती आणि ती पुन्हा तपासता येत होती. वाद माहितीचा अर्थ लावण्याविषयीचा होता. काय चांगले आणि काय वाईट याविषयीचा नव्हता. मध्यस्थ दोघांना मान्य होती आणि विषय जाणणारी होती. कानेमन यांच्या नावलौकिकाला या कबुलीने धोका नव्हता, उलट तो वाढलाच. ज्याची नोकरी किंवा बढती एका निष्कर्षावर अवलंबून आहे, अशा माणसाला हेच पाऊल फार महाग पडू शकते. वरिष्ठाने मतभेद असलेल्या कनिष्ठाला सहलेखक म्हणून शेजारी बसवावे, अशी अपेक्षा ठेवायची असेल, तर चूक मान्य करणाऱ्याला शिक्षा होणार नाही अशी व्यवस्था आधी हवी.

एक गोष्ट पूर्ण सुटलेली नाही. 2010 चा निबंध दोघांचा होता आणि 2023 च्या निबंधावर डीटन यांचे नाव नाही. मिळून केलेल्या कामातली चूक एकाने मान्य केली, तर ती दुसऱ्याच्या वतीनेही मान्य झाली असे समजायचे का? निबंधातले वाक्य ‘कानेमन आणि डीटन’ असे दोघांचे नाव घेते, म्हणजे चुकीतला वाटा कोणाचा किती हे वाटत बसत नाही. मला हे योग्य वाटते, कारण वाटणी करू लागले असते तर वाचकाचे लक्ष चुकीवरून माणसांवर गेले असते. पण ज्याची सही नाही, त्याच्या चुकीविषयी लिहिताना असा संयम प्रत्येकाला जमेल असे नाही, आणि सामूहिक कामात अशा प्रसंगी काय करावे याची काही ठरलेली रीत दिसत नाही.

निकालाविषयीही सावधगिरी हवी. किलिंग्सवर्थ यांच्या नोंदी अमेरिकेतल्या नोकरदार प्रौढांच्या आहेत. बेकार, निवृत्त किंवा इतर समाजांतले लोक त्यांत नाहीत. उत्पन्नाचा आनंदावरचा परिणामही एकंदरीत लहानच आहे, आणि निबंध ते लपवत नाही. शिवाय ज्या गोष्टीने 2023 चा निबंध सर्वांत वेगळा ठरतो, ती म्हणजे सर्वांत आनंदी लोकांतली वाढत्या वेगाची चढती रेषा, तिचे भाकीत 2010 च्या निबंधात नव्हते आणि 2021 च्या निबंधातही नव्हते. ती पुढच्या अभ्यासांत, इतर देशांत आणि इतर मोजपट्ट्यांवर टिकते का, हे अजून तपासायचे आहे.